पुढील सूचनेपर्यंत

तुलसीराम बिसेन पडले तेव्हा अल्का रंगारी तिरोड्याला होती. नव्या मुलींना रुग्णाची कूस कशी बदलायची ते शिकवत होती. फोन गोंदियाच्या निवासातल्या ओमेश्वरी सिस्टरचा होता.

"मॅडम, बिसेनबाबा बाथरूमजवळ पडले. पाय वाकडा दिसून राहिला."

"उचलू नका. आहेत तसेच राहू द्या, डोक्याखाली काहीतरी ठेवा. अँब्युलन्स बोलवा. मी निघाली."

साडेपाच वाजले होते. गाडीत बसल्यावर तिनं दोनदा ओमेश्वरीला फोन लावला, दोन्ही वेळा काही विचारायचं राहून गेलं असं वाटलं आणि काय ते आठवलं नाही.

संस्थेचे जिल्ह्यात तीन निवास होते: गोंदियाबाहेर बालाघाट रोडवर एक, तिरोड्याला एक आणि सडक अर्जुनीला एक. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही आणि घरी करणारं कोणी नाही, अशी म्हातारी माणसं तिथं राहत. अल्का तिन्ही ठिकाणच्या नर्सिंगची प्रमुख होती. सगळे तिला मेट्रन मॅडम म्हणत. केशोरीजवळच्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून तिची नोकरी सुरू झाली होती. पांढरा गणवेश पहिल्यांदा घातला त्या दिवशी आईनं तिला तसंच विहारात नेऊन उभं केलं होतं. पुढं भंडाऱ्याला मोठं शिक्षण, सरकारी दवाखान्यात वॉर्ड, मग मेट्रन, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन ही संस्था. आता चौपन्नावं चालू होतं. डिसेंबरात नागपूरला मंडळाची बैठक होती आणि संस्थेच्या विदर्भातल्या सातही निवासांची परिचर्या संचालक म्हणून तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत ऑपरेशन करू. अल्का तुलसीरामबाबांच्या खाटेजवळ उभी राहिली. तेहतीस वर्षांत तिनं मोडलेले खुबे पुष्कळ पाहिले होते. माणूस ओरडतो, शिव्या देतो, कोणाला हात लावू देत नाही. हा माणूस अर्धे डोळे मिटून पडला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ती तिनं पुसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांची मुलगी रविता सौंदडहून आली. चाळिशीची बाई, हातात स्टीलचा डबा. तिनं भांडण केलं नाही. वडिलांच्या पायावरची चादर सारखी केली आणि विचारलं, "मॅडम, बाबा तर लई चालत होता. दिवसभर चालत राहे. आता धड उभा काऊन नाही राहत?"

"वय झालं ना," अल्का म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा बोलायची. त्या दिवशी ते बोलून झाल्यावर तिला तिथं थांबवेना.

ती बालाघाट रोडच्या निवासात परतली तेव्हा पावणेचार झाले होते. ऑफिसात न जाता ती हॉलमधल्या एका खुर्चीवर बसली. या वेळेला इथं बसून तिला किती दिवस झाले असतील याचा हिशेब लागेना. सकाळी यायचं, राउंड घ्यायचा, दुपारी दुसऱ्या निवासात जायचं, नाहीतर बैठका. दोन वर्षं तरी ती चारनंतर इथं नव्हती.

चार वाजता एक मुलगी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये कागदी वाट्या होत्या, प्रत्येकीत एक गोळी. ती एकेकापाशी जाई, "आजी, आ करा," म्हणे, पाणी पाजे आणि पुढं सरके. सव्वीसपैकी एकोणीस जणांना तिनं गोळी दिली. अल्का मोजत होती. पाच वाजेपर्यंत हॉलमध्ये टीव्ही सोडून दुसरा आवाज राहिला नाही. माना छातीवर आल्या. पाहुणे आले की अल्का त्यांना हाच हॉल दाखवायची. वार्षिक अहवालात तिनं 'शांत व समाधानी वातावरण' असं लिहिलं होतं.

ओमेश्वरी इथली इन्चार्ज सिस्टर होती. अल्कानंच तिला घडवलं होतं. हाताला हलकी, डोक्यानं पक्की. आपल्यानंतर हीच, असं अल्का उघड म्हणायची.

"ओमेश्वरी, ही गोळी एवढ्या लोकांना कोणी लिहून दिली?"

ओमेश्वरीला प्रश्नच कळला नाही. "मॅडम, ही तर पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? कोणाची ऑर्डर?"

"तुमची."

तिनं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. एप्रिल २०२१ चं पान. अल्कानं चष्मा लावला. अक्षर तिचंच होतं, घाईत डावीकडे कललेलं. संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्या निवाशांना अर्धी गोळी, गरज पडल्यास, डॉक्टरांशी फोनवर बोलून, पुढील सूचनेपर्यंत. खाली सही.

तिला तो आठवडा आठवला. दुसरी लाट. दरवाजे बंद. एकतीस म्हातारी माणसं, त्यातली बारा तापानं फणफणलेली, आणि चार मुली, त्यातली एक ओमेश्वरी. कोणी उठून चालायला लागलं की दुसऱ्या खोलीत जाई, आजारी माणसाच्या खाटेवर बसे. डॉक्टरांना फोन लागत नव्हता आणि लागला तेव्हा ते दोन मिनिटं बोलले होते. त्या आठवड्यात ते बरोबर होतं. आजही तिला ते बरोबर वाटत होतं. पुढची सूचना द्यायची राहून गेली, आणि तिच्या मागं अर्धीची एक झाली, गरज पडल्यासचं रोज झालं.

"तू मला विचारायचं होतं," अल्का म्हणाली.

"काय विचारू मॅडम? संध्याकाळी आम्ही दोघी. सव्वीस माणसं. दोघी. तुम्हाला दोनदा सांगितलं की माणूस वाढवा. तुम्ही म्हणाल्या, बघू." ओमेश्वरीचा आवाज चढला नव्हता. "अन् तुम्ही सही केलेल्या कागदावर मी काऊन शंका घेऊ?"

दुसऱ्या दिवशी अल्का तिरोड्याला आणि तिथून सडक अर्जुनीला गेली. दोन्हीकडे औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला तिच्या त्या पानाची झेरॉक्स चिकटवलेली होती. सडक अर्जुनीतली तर इतकी पिवळी पडली होती की सही तेवढी ओळखू येत होती.

संस्थेचे सचिव हेमेंद्र रहांगडाले यांच्याकडे ती सरळ गेली. भला माणूस. निवासाच्या जागेसाठी त्यानं तीन वर्षं हेलपाटे घातले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अल्काताई, बिसेनबाबांच्या मुलीची काही शिकायत आहे का?"

"नाही."

"मग? बाथरूम ओलं होतं, पाय घसरला. अहवाल मी तसाच लिहून ठेवला, तुमची साईन पाहिजे. गोळ्या तुम्ही बंद करा, चूपचाप. कोण नाही म्हणतं? पंधरा दिवसांनी नागपूरची बैठक आहे. तुम्ही वर गेल्या तर सातही ठिकाणी सुधाराल. खाली राहून काय कराल?"

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच तिला तिथं बसवेना. "वाचून देते," म्हणून तिनं कागद पर्समध्ये टाकला.

गोळ्या एकदम थांबवता येत नव्हत्या. डॉक्टरांना बोलावून एकेका माणसाला तपासायला लावलं, कोणाची अर्धी, कोणाची एकाआड एक दिवस, असं करत दहा दिवस गेले. आणि निवास जागा झाला. दुपारी चारनंतर माणसं उठू लागली. एक आजी दाराची कडी वाजवत राही, तिला गायी बांधायच्या असत. एकजण प्रत्येकाला विचारी, माझी बायको कुठं गेली, आणि उत्तर ऐकून रोज नव्यानं रडे. दोघांची खुर्चीवरून मारामारी झाली. मुली रडकुंडीला आल्या. अल्का रोज चारला तिथं हजर राहू लागली. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असे, कोणाचा हात धरून, कोणाच्या मागं. घरी आल्यावरही तिचे पाय थांबत नसत. जेवताना ती दोनदा उठे.

"बस ना जरा," तिचे यजमान रोशन म्हणाले. ते निवृत्त शिक्षक होते. "काय आणायचं राहिलं?"

"काही नाही."

"सही केलीस का त्या कागदावर?"

"नाही."

"करणार आहेस?"

ती भांडी उचलायला लागली. मग म्हणाली, "बिसेनबाबांच्या मुलीनं मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, वय झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं सौंदडची गाडी पकडली.

ऑपरेशननंतर रवितानं वडिलांना सौंदडला आपल्या घरी नेलं होतं. कापणी चालू होती. स्टेशनपासून घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे भारे पडले होते. तुलसीरामबाबा ओसरीत खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. अल्काला पाहून त्यांनी विचारलं, "पानी सोडाले आली का वं?"

ते कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे ठरवून दार उघडायचं आणि लावायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची नोकरी. निवासात आले तेव्हा रोज दुपारी चारला उठून फाटकाकडे चालायला लागत. सुरुवातीला मुली त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जाऊन येत. हे अल्कालाही ठाऊक होतं. ती नंतर विसरली होती.

रविता आतून आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. "पाहा ना मॅडम. घरी आनलं अन् आठ दिवसांत बोलाले लागला. मले नावानं हाक मारली. शेजारचे म्हणतात, घरच्या हवेचा गुन. बसा, चहा ठेवतो."

"चहा नको. रविता, मला तुला काही सांगायचं आहे. आधी ऐकून घे."

अल्कानं सांगितलं. गोळी कोणती, कधीपासून, कागद कोणी लिहिला, सही कोणाची. गोळीनं माणूस गुंगीत राहतो, तोल जातो, पडतो, हे सांगितलं. नेहमी रुग्णाच्या घरच्यांना समजावते तसं एकेक करून तिनं सांगितलं, आणि मध्येच स्वतःचा तो सवयीचा आवाज तिला नकोसा झाला. ती थांबली.

रविता उभीच होती. ती म्हणाली, "म्हंजे बाबा मले विसरला नव्हता."

"नाही."

"पोळ्याले आली होती मी. घंटाभर बसली त्याच्या जवर. त्यानं डोरे उघडून पाहिलं अन् फिरून मिटले. मले वाटलं, आता मी कोन हे त्याले समजत नाही. मंग कायले जावं? एस्टीत बसून रडत आली. मंग तीन महिने आलीच नाही मी." तिनं खाटेकडे पाहिलं. "तीन महिने तो तिथं बसून होता."

अल्काच्या तोंडून माफीचा शब्द आला. तो इतका हलका होता की रवितानं तो ऐकलाही नसेल.

"तुमी हे सांगाले काऊन आल्या? मी तर काहीच म्हटलं नव्हतं."

"तू विचारलं होतंस. मी खोटं सांगितलं." अल्कानं पर्समधून एक कागद काढला. "तक्रार करायची असेल तर या पत्त्यावर कर. मंडळाचा पत्ता आहे. माझं नाव पूर्ण लिही."

रवितानं कागद घेतला. "आता जा मॅडम," ती म्हणाली.

परतीच्या गाडीला दीड तास होता. अल्का फलाटावर बसू शकली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती चालत राहिली.

हेमेंद्रभाऊंनी लिहिलेल्या अहवालाऐवजी तिनं स्वतःचा अहवाल लिहिला, चार पानी. एप्रिल २०२१ च्या पानाची प्रत जोडली. ओमेश्वरीचा दोष नाही, संध्याकाळच्या दोन माणसांवर हे काम निभत नाही, दोन वेळा मागणी होऊनही मी ती पुढं पाठवली नाही, असं स्पष्ट लिहिलं. रविताची तक्रारही त्याच आठवड्यात पोचली. नागपूरच्या बैठकीत तिला अर्धा तास उभं करून प्रश्न विचारले. एका सभासदानं विचारलं, "तुम्हाला यातून काय साधायचं आहे?" तिनं सांगितलं, संध्याकाळी प्रत्येक निवासात दोन माणसं वाढवून हवीत, आणि अशी गोळी सात दिवसांच्या वर डॉक्टरांनी पुन्हा तपासल्याशिवाय द्यायची नाही असा नियम हवा. नियम झाला. दोनऐवजी एकच माणूस मिळाला. तिला लेखी ताकीद मिळाली. संचालकपदी अमरावतीच्या एका बाईंची नेमणूक झाली. त्या तिच्याहून आठ वर्षांनी लहान होत्या आणि फोनवर फार आदरानं बोलल्या. अल्काला जागेवरून काढलं नाही. तीन निवास चालवायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हे हेमेंद्रभाऊंनी नंतर तिला सांगून टाकलं.

ओमेश्वरी मात्र राहिली नाही. मंडळाकडून चौकशीला आलेल्या माणसांनी तिला दोन दिवस बसवून घेतलं होतं, तिच्या हाताखालच्या मुलींसमोर. तिनं राजीनामा अल्काच्या टेबलावर ठेवला.

"मी लिहिलंय ना, तुझा दोष नाही," अल्का म्हणाली.

"तुम्ही लिहिलं मॅडम. पण माझ्या माहेरी, सासरी काय पोचलं? सिस्टरनं म्हाताऱ्यांना गोळ्या घातल्या. तुम्ही खरं बोलून मोकळ्या झाल्या. मला आधी एक शब्द सांगायचा होता."

तो खरोखर सांगायचा राहिला होता. ओमेश्वरी रायपूरच्या एका दवाखान्यात लागली असं पुढं कळलं. अल्कानं तिला दोनदा फोन केला. उचलला गेला नाही.

सौंदडला ती दर रविवारी जाऊ लागली. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या रविवारी रवितानं दारातच विचारलं, "आता काय?" अल्का म्हणाली, "पाठ पाहायची आहे. असं पडून राहिलं की पाठीला, टाचेला जखमा होतात. मी दाखवते, तू करशील." रविता बाजूला झाली. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचेखाली काय ठेवायचं, चादरीला सुरकुती का ठेवायची नाही, हे अल्कानं तिच्या हातांनी करवून घेतलं. कामापुरतं बोलणं होई. तिसऱ्या रविवारी रवितानं चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली.

तुलसीरामबाबा बोलत असत. कोणत्या गावचा कोण पाण्यावरून कोणाशी भांडला, कोणी त्यांना धमकी दिली, कोणी कोंबडा आणून दिला. रविता खाटेजवळ खाली बसून धान पाखडत ऐके आणि मध्येच नाव दुरुस्त करी. कधी ते तिला तिच्या आईच्या नावानं हाक मारत. त्याचं तिला काही वाटत नसे.

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ते गेले. सकाळी रविताचा फोन आला.

"मॅडम, बाबा गेला." मग ती म्हणाली, "आंघोळ घातली आता. पाठ साफ होती. एकबी जखम नाही."

"चांगलं केलंस तू," अल्का म्हणाली. फोन कोणीच लवकर ठेवला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी बालाघाट रोडच्या निवासात नवीन निवासी यायच्या होत्या. शामकला नावाच्या आजी, आमगावकडच्या. भाचा त्यांना ऑटोनं घेऊन आला. फाटकासमोर ऑटो थांबला आणि आजी उतरेनात. बोचकं मांडीवर घट्ट धरून त्या बसून राहिल्या. भाच्यानं समजावलं, मग दटावलं, मग तो आत फॉर्म भरायला निघून गेला. दोन मुली आल्या, "आजी, चला ना, आत चहा आहे," म्हणाल्या. एकीनं हात धरायला पाहिलं तर आजींनी तिला चापट मारली.

अल्का बाहेर आली. ऑटोच्या दुसऱ्या बाजूनं चढून ती आजींच्या शेजारी बसली. तिनंही आजींसारखं समोर पाहिलं. सीट तापली होती.

"मले इथं नाही राहायचं," आजी म्हणाल्या.

"कुठं जायचं?"

"पुढं."

"पुढं कुठं?"

"पुढं म्हटलं ना."

अल्कानं आतल्या मुलींना हातानंच थांबा म्हणून सांगितलं. भाचा बाहेर येऊन काहीतरी विचारत होता. तिच्या फोनवर तिरोड्याहून दोन मिस्ड कॉल होते आणि साडेतीनला बैठक होती. तिनं घड्याळ पाहिलं, मग आजींच्या बोचक्यावरच्या आवळलेल्या बोटांकडे पाहिलं.

"भाऊ, चला," ती ऑटोवाल्याला म्हणाली.

"कुठं मॅडम?"

"आजी सांगतील."

ऑटो सुरू झाला. रस्त्यावर आल्यावर आजींनी उजव्या हातानं दिशा दाखवली, आणि ऑटो तिकडे वळला.